लघवीच्या पिशवीचा कॅन्सर: जीन्स बिघडले की गाठ वाढते कशी?

उल्हासनगर म्हटलं की पँटची जीन्स आठवते. पण इथे विषय आहे पेशीतल्या जीन्सचा, म्हणजे जनुकांचा. लघवीच्या पिशवीच्या (मूत्राशयाच्या) कॅन्सरमध्ये गाठ हळू वाढणार की खोलवर पसरणार, हे बऱ्याच अंशी जनुकं ठरवतात.

सुरुवात कुठून होते?

सर्वात मोठं कारण तंबाखूचा धूर. दुसरं कारण काही औद्योगिक रसायनं. १८९५ मध्ये जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी रंग कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा कॅन्सर नोंदवला. पुढे बेंझिडीनसारखी रसायनं दोषी ठरली. म्हणजे प्रत्येक रंग धोक्याचा असतो असं नाही.

ही रसायनं रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी पिशवीत साठून राहते, त्यामुळे पिशवीच्या अस्तराला त्यांचा मारा जास्त वेळ सोसावा लागतो.

सगळ्यांना सारखाच धोका असतो का?

नाही. 'एनएटी२' हे जनुक यातल्या काही रसायनांना निष्प्रभ करायला मदत करतं. काहींमध्ये ते संथ काम करतं. असा माणूस सिगारेट-बिडी ओढत असेल तर धोका आणखी वाढतो. पण हे जनुक संथ आहे म्हणून कॅन्सर होणारच, असं नाही.

गाठ वाढते कशी?

इथे दोन वाटा दिसतात. 'एफजीएफआर३' जनुकात बिघाड झाला की पेशींना 'वाढा' हा संदेश सतत मिळत राहतो. अशा गाठी बहुधा अस्तरापुरत्या राहतात, पण काढल्या तरी पुन्हा येतात. 'टीपी५३' आणि 'आरबी१' ही पेशींची ब्रेक लावणारी जनुकं. ती निकामी झाली की गाठ स्नायूत शिरण्याची भीती जास्त.

रक्तवाहिन्यांचा संबंध काय?

गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. ही कल्पना अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. ऑक्सिजन कमी पडला की पेशी 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात. टीपी५३ धडधाकट असेल तर हे रोखणारं 'थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१' तयार होत राहतं. ते बिघडलं की हा ब्रेकही सुटतो.

या नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. गाठीतून सहज रक्त येण्यामागे हेही एक कारण.

औषधं आहेत का?

एफजीएफआरमधल्या बिघाडावर नेम धरणाऱ्या 'एर्डाफिटिनिब'ला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते पुढच्या टप्प्यातल्या काही रुग्णांसाठीच आहे. व्हीईजीएफ रोखणाऱ्या 'बेव्हासिझुमॅब'ला मात्र केमोथेरपीसोबत देऊनही आयुष्य वाढवण्यात ठोस यश आलं नाही. कारण रक्त मिळवण्याच्या गाठीच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात.

मग लक्ष कशाकडे द्यायचं?

लघवी लाल झाली, दुखलं नाही, दोन दिवसांत थांबली. इथेच बहुतेक जण फसतात. 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून देतात. रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नसतं. कारण मुतखडा किंवा संसर्गही असू शकतं, पण ते तपासणीनंतरच कळतं.

कॅम्प १ मधल्या माणसाला सुरुवात लांब जाऊन करायची गरज नाही. जवळच्या डॉक्टरकडे किंवा शहरातल्या मध्यवर्ती रुग्णालयात आधी दाखवता येतं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीने पिशवीची तपासणी, असा साधारण क्रम असतो. निदान पक्कं झालं तर शहाडहून लोकल पकडून परळचं टाटा मेमोरियल गाठता येतं. गाठ अस्तरापुरती असतानाच सापडली, तर पिशवी वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.