लालबागचा मंडप आणि मतपेटी

धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटना निवडणुकीवर काय परिणाम करतात, ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा भाषणांवरच अडते. कायद्याचेही लक्ष भाषणांवरच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123(3) धर्माच्या नावाने मत मागायला मनाई करते, आणि या कलमावरचे गाजलेले खटले मुंबईतल्याच निवडणुकांतून उभे राहिले: 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, 1990 ची दादरची निवडणूक, त्याच वर्षीची सांताक्रूझची. विलेपार्ल्याच्या प्रकरणात डॉ. रमेश प्रभू यांची आमदारकी गेली आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. सांताक्रूझच्या खटल्याचा निकाल 2017 साली सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा दिला. या सगळ्यात न्यायालयाने तपासले ते व्यासपीठावरून उच्चारलेले शब्द. लालबागचा इतिहास मात्र सांगतो की धर्माची खरी राजकीय ताकद व्यासपीठावर नव्हती. ती वर्गणीच्या पावतीपुस्तकात होती, मंडपाच्या परवानगीच्या अर्जात होती, आणि वॉर्डातल्या प्रत्येक खोलीत कोण राहतो हे तोंडपाठ असलेल्या कार्यकर्त्यात होती.

लालबागचा सार्वजनिक गणपती सनातनी आग्रहातून जन्मला नाही. चिंचपोकळीचे मंडळ 1920 चे, गणेश गल्लीचे 1928 चे. 1932 साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला तेव्हा कोळी आणि भाजी-किराणा विकणारे लोक उघड्यावर आले. हक्काच्या बाजारासाठी त्यांनी नवस बोलला, कुंवरजी जेठाभाई शहा यांच्यासारख्या नगरसेवकाने आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी खटपट केली, रजबअली तय्यबअली या मालकाने जागा दिली आणि 1934 साली ‘लालबागचा राजा’ हा गणपती बसला. नवस देवाला होता, पण काम होते महापालिकेचे. भागातल्या बहुसंख्य कामगारांना तेव्हा मतही नव्हते; प्रौढ मतदानाने महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती 1948 साली. शेजारच्या दादरला 1926 च्या सुमारास प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर यांनी गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा मान हवा म्हणून भांडण मांडले होते. थोडक्यात, सोवळेपणाचा पराभव या उत्सवाच्या आतच, फार लवकर, झाला होता.

आता कापडगिरण्यांच्या या भागाने, म्हणजे गिरणगावाने, मत कोणाला दिले ते पाहा. 1967 साली मुंबई मध्य-दक्षिणमधून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत गेले, आणि परळमधून कृष्णा देसाई विधानसभेत. 1977 साली दक्षिण-मध्यमधून रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे निवडून आले. डिसेंबर 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावाने अपक्ष कामगार पुढारी दत्ता सामंतांना दिल्लीला पाठवले. 1989 साली शिवसेनेचे वामनराव महाडिक आणि 1991 पासून सलग पाच वेळा मोहन रावले. या साऱ्या वर्षांत गणपती येतच होता, भजने रंगत होती, गिरणीतून सुटलेला कामगार आरतीला उभा राहत होता. लाल बावट्याला मत देणारा तोच आणि गणपतीपुढे हात जोडणाराही तोच. श्रद्धा स्थिर होती आणि मत बदलत होते. तेव्हा मताच्या बदलाचे कारण श्रद्धेत शोधून ते सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप 1970 चा येईल. 5 जून 1970 रोजी कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये खून झाला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना हरवून महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. हिंदुत्ववादी पक्षांनी सेनेला साथ दिली होती, हे खरे. पण लढाई होती कामगाराची संघटना कोणाच्या हाती राहणार याची. 1967 साली परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला होता, आणि त्याआधी सेनेने मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न हाती घेतला होता. शिवाय तो विजय अगदी थोड्या मतांचा होता, आणि चौदा वर्षांनी हाच भाग पुन्हा एका कामगार पुढाऱ्यामागे एकवटला.

पारडे कायमचे फिरवले ते 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणी गेली तशी गेटसभा गेली, युनियनची कचेरी ओस पडली, पाळीची बरोबरी गेली. बेकार पोराला ओळख, जबाबदारी आणि चार माणसांत मान देणारी जागा उरली ती मंडळ. वर्गणी गोळा करणारा पोरगा प्रत्येक दारावर जातो; कोणाचा मुलगा आजारी, कोणाची खोली वादात, हे त्याला कळते. मंडपाला पोलीस आणि पालिका दोघांची परवानगी लागते, म्हणून नगरसेवकाशी संबंध ठेवणे भाग पडते. कमानींवर शुभेच्छुकांचे फोटो लागतात. निवडणुकीच्या दिवशी याद्या घेऊन टेबलावर बसणारी माणसे बहुधा याच ओळीतली. एकेकाळी युनियन जे करीत होती तेच काम हे, फक्त मागणीपत्राशिवाय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. द्वेषाच्या प्रचाराला मी हलके लेखतो आहे काय? मुळीच नाही. 1992-93 च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे की 26 डिसेंबर 1992 पासून महाआरत्या सुरू झाल्या, त्यांतल्या काहींत चिथावणीची भाषणे झाली आणि पांगणाऱ्या जमावांनी मुसलमानांची दुकाने फोडली, जाळली. दोन महिन्यांत सुमारे 900 माणसे मेली. आरतीसाठी जमण्याच्या सवयीचा तो भयंकर वापर होता, आणि तो शक्य झाला कारण माणसे गोळा करणारी यंत्रणा गल्लोगल्ली तयार होती. महाडिक आणि रावले मात्र त्याआधीच निवडून आले होते. हिंदुत्वाने झेंडा दिला, घोषणा दिली. पण झेंडा धरणारे हात बेकारीने मोकळे केले होते.

मंडळे रक्तपेढ्यांना मदत करतात, डायलिसिस केंद्रे चालवतात, 2020 साली लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला, असे कोणी सांगेल. ते सारे खरे आहे आणि आदराने सांगण्याजोगे आहे. माझी तक्रार मंडळांच्या सेवेबद्दल नाही, त्यांच्या मागण्यांबद्दल आहे. 1934 साली देवापुढे मांडलेली मागणी पोटापाण्याची होती. आज मंडळांच्या वतीने सरकारदरबारी काय मांडले जाते? मूर्तीची उंची, प्लास्टर ऑफ पॅरिस, मंडपाच्या खड्ड्यांचा दंड, ध्वनिक्षेपकाची वेळ. या मागण्यांना यशही झटपट येते. 30 जून 2022 ला नवे सरकार शपथ घेते आणि तीन आठवड्यांत उत्सवावरचे निर्बंध उठतात. कोणत्याही पक्षाला हे स्वस्तात पडते, कारण उंचीची अट काढायला तिजोरीतून काही द्यावे लागत नाही. घर द्यायला जमीन लागते, आणि गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत.

ज्यांच्या वर्गणीवर हे उत्सव उभे राहिले ते गिरणी कामगार आणि त्यांचे वारस 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानावर जमले होते. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला नको, मुंबईत घर द्या, एवढीच त्यांची मागणी होती. दुसऱ्या दिवशी, 10 जुलैला, विधानसभेत सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर झाला.