बर्लिनच्या ध्वनिफिती

नभोवाणीवरचे ध्वनिमुद्रण म्हटले की आपल्या कानात आधी खरखर उभी राहते, संगीत मागाहून. हा समज सर्वस्वी खोटा नाही. पण मुद्रण श्रोत्याच्या घरी झाले की नभोवाणी-केंद्रात, हे विचारल्यावाचून तो मान्य करू नये.

युद्धकाळातील बर्लिनचेच पाहा. चुंबकीय फितीवर आवाज उतरविणारे माग्नेटोफोन यंत्र १९३५ साली तेथील प्रदर्शनात आले, तेव्हा फितीची सळसळ संगीताच्या अंगावर येई. १९४० मध्ये जर्मन नभोवाणीतील वाल्टर वेबर यांना आढळले, की मुद्रणाच्या वेळी मूळ ध्वनीबरोबर कानाला ऐकू न येणारी अतिउच्च कंपने मिसळली, तर ही सळसळ कितीतरी कमी होते. शिवाय तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे. फितीवर सिंफनीचा दीर्घ भागही अखंड मावे. (आपल्या गवयांना तीन मिनिटांत राग आवरावा लागे, त्यांना या सुखाची किंमत कळली असती!)

मार्च १९४२ मध्ये फुर्टव्हेंगलर यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली बीथोव्हनची नववी सिंफनी अशाच फितीवर उतरली. वृंदगानाच्या ऐन भरात आवाज फाटतो, श्रोत्यांचे खोकलेही ऐकू येतात. तथापि ते सभागृह जानेवारी १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. त्याचा घुमारा आता फितीपुरताच उरला आहे.

गंमत अशी, की घरी बसलेल्या जर्मन श्रोत्याला यातले फारच थोडे मिळे. राजसत्तेने प्रचारासाठी घरोघर पोचविलेला स्वस्त रेडिओ आणि मध्यमलहरींची अरुंद वाट, यांत झांजांची चमक नि व्हायोलिनची धार गळून जाई. फीत मात्र प्रक्षेपकाच्या अलीकडची. ज्यांच्यासाठी कार्यक्रम झाला, त्यांच्यापेक्षा आपणच तो अधिक ऐकतो.

१९४५ मध्ये रशियन फौजांनी यांतल्या अनेक फिती मॉस्कोला नेल्या. १९६० नंतर त्यांवरून सोव्हिएट तबकड्या निघाल्या. नकलेगणिक आवाज मळकटला. काही मुद्रणे १९८७ मध्ये पश्चिम बर्लिनला परत आली. युद्धाच्या अखेरीस गीझेकिंग यांनी वाजविलेल्या बीथोव्हनच्या पाचव्या पियानो-कॉन्चेर्टोत तर हळुवार जागी विमानविरोधी तोफा ऐकू येतात. आता यंत्राने असले आवाज पुसणे सोपे झाले आहे. त्या तोफा मात्र कोणी पुसू नयेत.