वनस्पतींमधील लघु आरएनएची नैसर्गिक विविधता

लघु आरएनए हे साधारणतः २१ ते २४ न्यूक्लिओटाइड लांबीचे, जनुकांच्या कार्याचे नियमन करणारे रेणू होत. एकाच जातीच्या वनस्पतींत ते निसर्गतः भिन्न असू शकतात.

सोयाबीनमधील उदाहरण

सोयाबीनच्या वन्य पूर्वजाचे बी सहसा काळे असते. लागवडीखालील पिवळ्या वाणांत मात्र 'आय' जनुकस्थानी चाल्कोन सिंथेज या विकराच्या जनुकांच्या प्रती परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेल्या आढळतात. त्यांपासून बनणारे लघु आरएनए या विकराच्या संदेशवाहक आरएनएचे विघटन घडवून आणतात. त्यामुळे बीजावरणात गडद रंगद्रव्य तयार होत नाही. ही क्रिया बीजावरणापुरती मर्यादित असल्याने अशा वाणांची फुले जांभळी असू शकतात. या मांडणीत उत्स्फूर्त उत्परिवर्तन झाल्यास बी पुन्हा काळे होते.

कृषिविषयक महत्त्व

सातारा व सांगली जिल्ह्यांत खरिपात पिवळ्या दाण्याचे सोयाबीन घेतले जाते. फुले संगम (केडीएस ७२६) हा वाण कसबे डिग्रज (जि. सांगली) येथील कृषी संशोधन केंद्रात विकसित झाला. सोयाबीन मोझॅक विषाणूचे एक प्रथिन लघु आरएनएंचे कार्य दडपते व पिवळ्या दाण्यांवर गडद डाग उमटतात. त्यामुळे डागाळलेला दाणा म्हणजे बियाण्यातील भेसळच, असा निष्कर्ष काढता येत नाही.