लिनक्स-नेक्स्ट : शाखांचे एकत्रीकरण आणि इतिहासाचे पुनर्लेखन

लिनक्स कर्नलच्या विकासासाठी २००२ पासून 'बिटकीपर' ही प्रणाली वापरली जात होती. तिचा विनामूल्य परवाना मागे घेतला गेल्याने एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट'ची निर्मिती सुरू केली. त्याच वर्षी जुलैमध्ये गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे आली.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून व तिच्या पूर्वनोंदीवरून ठरते. त्यामुळे एखादी शाखा 'रीबेस' केली, म्हणजे तिच्यातील बदल नव्या पायावर पुन्हा रचले, की मजकूर तोच असला तरी नोंदी नव्या ठरतात. शाखा खासगी असेपर्यंत यात गैर काही नाही. परंतु तिच्या आधारे दुसऱ्या कोणी काम केले असेल, तर त्याच्याकडे जुन्याच नोंदी राहतात व पुढे मर्ज करताना एकच बदल दोन रूपांत समोर येतो. शिवाय जुन्या पायावरील चाचणी नव्या पायाला लागू पडत नाही, याचा अनेकदा विसर पडतो. मराठी वाचकास हा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला; तरीही १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत प्रसिद्ध केलीच.

कर्नलची खरी अडचण अनेक शाखा एकत्र येताना उद्भवते. एका शाखेत एखाद्या फंक्शनचे नाव बदलले जाते, तर दुसरीत त्याच जुन्या नावाने नवा वापर होतो. मर्ज विनातक्रार पार पडते. बांधणी मात्र फसते. असे संघर्ष आधीच लक्षात यावेत, यासाठी फेब्रुवारी २००८ मध्ये स्टीफन रॉथवेल यांनी 'लिनक्स-नेक्स्ट' सुरू केले. टोरवाल्ड्स यांच्या शाखेपासून प्रारंभ करून त्यात इतर शाखा क्रमाने मर्ज करावयाच्या, बांधणी तपासावयाची आणि पुढील वेळी सर्व नव्याने रचावयाचे, अशी ही पद्धत आहे. एखादी शाखा बिघडल्यास तिचे आदल्या दिवसाचे रूप घेतले जाते. तोच तो संघर्ष पुन्हा हाताने सोडवावा लागू नये म्हणून गिटमधील 'रेरेरे' ही सोय पूर्वीची सोडवणूक लक्षात ठेवते.

लिनक्स-नेक्स्टमधील ही मर्ज मुख्य इतिहासात जात नाहीत. दोन आठवड्यांच्या मर्ज-कालावधीत टोरवाल्ड्स प्रत्येक शाखा तिच्या प्रमुखाकडून थेट घेतात. ऐन वेळी रीबेस केलेल्या शाखांवर त्यांनी वारंवार आक्षेप घेतला आहे; आणि तो योग्यच म्हणावा लागेल, कारण त्या नोंदी त्या स्वरूपात लिनक्स-नेक्स्टमध्ये कधी तपासल्याच गेलेल्या नसतात.