मोटारगाडीच्या संमिश्र भागांचे मूळ नमुने व त्यांवरील प्रायमर
मोटारगाडीचे बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, छत वा संपूर्ण कवच काचतंतू किंवा कार्बन तंतू आणि रेझीन यांपासून बनविताना प्रथम त्या भागाचा पूर्णाकृती मूळ नमुना (पॅटर्न) तयार करतात. या नमुन्यावर साचा घडवितात व साच्यातून प्रत्यक्ष भाग काढतात. नमुना लाकूड, प्लास्टर, चिकणमाती वा फेसयुक्त प्लॅस्टिक यांचा असतो. परंतु साचा या पदार्थांना स्पर्श करीत नाही, तो त्यांवर फवारलेल्या प्रायमरच्या थराला स्पर्श करतो. साच्यात उतरते ते रूप या थराचे असते. म्हणून ग्राहकाच्या दृष्टीस कधीही न पडणारा हा थर संमिश्र भागांच्या निर्मितीत निर्णायक ठरला आहे.

पार्श्वभूमी : नमुन्यावरून साचा घेण्याची कल्पना ओतकामात फार जुनी आहे. वाळूच्या साच्यात नमुन्यावरील बारीक ओरखडे उमटत नाहीत व ओतीव भागावर पुढे यंत्रणही करतात. त्यामुळे तेथे लाकडी नमुन्यास व्हार्निश वा शेलॅक लावणे पुरेसे होते. प्रबलित प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र साच्याचा पृष्ठभाग हाच भागाचा पृष्ठभाग होतो. नमुन्यावरील केसाएवढी रेषादेखील साच्यात व तेथून प्रत्येक भागात उतरते आणि चकचकीत रंग दिल्यावर ती अधिकच स्पष्ट दिसते.

या कामास लागणारी फवारणीची साधने आणि लेप मोटारींच्या रंगकामातून आले. अमेरिकेतील टोलीडो येथील डॉक्टर ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी १८८८ मध्ये एक फवारक तयार केला. त्याच तत्त्वावर त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ च्या सुमारास रंगकामाची फवारणी बंदूक प्रचारात आणली. त्या काळी तैलरंगांचे थर वाळण्यास कित्येक आठवडे लागत. ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजयुक्त ‘ड्यूको’ हा लॅकर बनविला आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो वापरण्यात आल्यावर हा काळ झपाट्याने कमी झाला. फवारून जाड थर द्यावयाचा, तो घासून सपाट करावयाचा आणि मग अंतिम रंग चढवावयाचा, ही ‘प्रायमर–सरफेसर’ची पद्धत याच रंगशाळांतून रूढ झाली. १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये रूपरेखा विभाग स्थापन झाला व पूर्णाकृती मातीचे नमुने बनविण्याची प्रथा उद्योगात स्थिरावली. अशा रीतीने नमुना आणि लेप ही दोन्ही अंगे प्रबलित प्लॅस्टिकच्या आधीच सिद्ध होती.

काचतंतूंचा प्रवेश : काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात शक्य झाले आणि १९३८ मध्ये ओवेन्स–कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. असंतृप्त पॉलिएस्टर रेझिने उपलब्ध झाल्यावर महत्त्वाचा बदल घडला. बेकेलाइटसारख्या आधीच्या रेझिनांना उष्णता व मोठा दाब लागत असे. पॉलिएस्टर रेझीन मात्र उत्प्रेरक व प्रवेगक मिसळल्यास साध्या तापमानाला व दाबाशिवाय घट्ट होते. परिणामी साचा पोलादाचा असण्याची गरज उरली नाही आणि तो हलक्या नमुन्यावर हाताने घडविता येऊ लागला.

कॅलिफोर्नियात लहान नौका बनविणारे बिल ट्रिट यांनी १९५०-५१ मध्ये जीपच्या सांगाड्यावर बसेल असे काचतंतूंचे कवच केनेथ ब्रुक्स या अधिकाऱ्यासाठी तयार केले. त्यासाठी त्यांनी प्लास्टरने गुळगुळीत केलेला पूर्णाकृती नमुना घडविला. त्यांच्या ग्लासपार कंपनीच्या कवचांकडे नॉगटक केमिकल या रेझीन उत्पादक कंपनीचे लक्ष गेले व तिच्यामार्फत हे तंत्र मोठ्या मोटार उत्पादकांपर्यंत पोहोचले. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ मांडण्यात आली आणि ३० जून १९५३ रोजी फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या. पुढे ॲश्टाब्यूला (ओहायओ) येथील मोल्डेड फायबर ग्लास कंपनीने तिचे भाग जोडीच्या धातुसाच्यांत दाबून बनविण्यास आरंभ केला. येथून या तंत्राच्या दोन वाटा झाल्या : मोठ्या संख्येसाठी धातूचे साचे व दाबयंत्रे, तर थोड्या संख्येसाठी नमुना, प्रायमर व हस्तकौशल्य.

दुसऱ्या वाटेचे महत्त्व आर्थिक होते. पोलादी पत्रा दाबण्याच्या मुद्रांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो; प्लॅस्टिकचा साचा थोडक्या भांडवलात होतो. त्यामुळे ब्रिटनमध्ये अनेक लहान कारखान्यांना मोटार उद्योगात शिरकाव करता आला. १९५७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लोटस एलीट’मध्ये तर वेगळा पोलादी सांगाडा न ठेवता काचतंतूंच्या कवचालाच भार वाहण्याचे काम देण्यात आले. या लहान कारखान्यांचा खरा ठेवा यंत्रे नसून नमुना घडविणारे कारागीर हा होता. भारतातही बंगलोरच्या सनराइज कंपनीची तीनचाकी ‘बादल’ आणि तिच्याच परंपरेतील, ब्रिटिश रिलायंट कंपनीच्या आराखड्यावर आधारलेली ‘डॉल्फिन’ (१९८२) या गाड्यांची कवचे काचतंतूंची होती. १९९८ मध्ये बाजारात आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी याच प्रकारची असून तिच्या उत्पादनाचा गोव्याशी संबंध होता.

प्रायमरचा विकास : प्रारंभी प्लास्टरचा वा लाकडी नमुना वाळवून त्यावर शेलॅक किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर देत व मेण घासत. या पद्धतीत एक गंभीर दोष होता. पॉलिएस्टर रेझिनात स्टायरीन हे द्रव असते व ते प्रबळ विद्रावक आहे. मेणाचा थर कोठे विरळ राहिला, तर साच्याच्या पहिल्या थरातील (जेल कोट) स्टायरीन खालील लॅकर मऊ करी. लॅकर सुरकुतत असे, साचा नमुन्याला चिकटत असे आणि दोन्ही वेगळे करताना कित्येक आठवड्यांच्या श्रमाने घडविलेला नमुना फुटत असे. अपुऱ्या वाळलेल्या लाकडातील वा प्लास्टरमधील ओलही अशीच घातक ठरे.

यावर उपाय म्हणून रासायनिक विक्रियेने घट्ट होणारे लेप वापरात आले. एपॉक्सी व पॉलियुरेथेन यांचे दोन घटकांचे प्रायमर एकदा पक्के झाल्यावर स्टायरीनला दाद देत नाहीत. त्यानंतर फवारता येईल असा पॉलिएस्टर प्रायमर प्रचारात आला. त्यात बारीक दळलेली पूरके असल्याने एका वेळी जाड थर देता येतो, तो लवकर कठीण होतो व सहज घासला जातो. मात्र त्याची श्यानता जास्त असल्याने फवारणी बंदुकीचे मुख सु. २ मिमी. किंवा त्याहून मोठे असावे लागते. उत्प्रेरक मिसळल्यावर मिश्रण थोड्याच मिनिटांत घट्ट होऊ लागते. बंदूक वेळीच धुतली नाही, तर ती निकामी होते. उत्प्रेरक कमी पडल्यास थर मऊ राहतो. थर एकदम फार जाड दिल्यास आत उष्णता व आकुंचन वाढून त्याला तडे जातात.

कार्यपद्धती : नमुन्यातील खड्डे लांबीने भरून आकार निश्चित केल्यावर तो धूळरहित करतात. पातळ पहिला थर देऊन, मग एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी पुढील थर फवारतात. थर पक्का झाल्यावर त्यावर भिन्न रंगाची, बहुधा काळी, विरळ फवारणी करतात व लांब सपाट ठोकळ्यावर पॉलिश कागद गुंडाळून पृष्ठभाग घासतात. उंच भागावरील काळा रंग प्रथम निघतो, खोलगट भागावरील तसाच राहतो. डोळ्यांना न दिसणारा दोष असा उघड होतो. पुन्हा फवारणी व पुन्हा घासणे असा क्रम पृष्ठभाग एकसंध होईपर्यंत चालतो. शेवटी बारीक कागद पाण्यासह वापरून झिलई करतात, मेणाचे अनेक थर देतात आणि आवश्यक तेथे पॉलिव्हिनिल अल्कोहॉलचा पातळ पापुद्रा फवारतात. प्रायमर पुरता पक्का होण्यापूर्वी साचा घेतल्यास तो नंतर आकसतो आणि खालच्या लाकडाचे रेषे व लांबीच्या कडा पृष्ठभागावर उमटतात. घाई हाच या कामातील सर्वांत सामान्य दोष होय.

कार्बन तंतूंचे युग : १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील फार्नबरो येथे उच्च बलाचे कार्बन तंतू विकसित झाले. जॉन बार्नार्ड यांनी अभिकल्पिलेल्या ‘मॅक्लॅरेन एमपी ४/१’ या शर्यतीच्या गाडीचा गाभा १९८१ मध्ये कार्बन तंतूंच्या संमिश्राचा बनविण्यात आला. त्याच वर्षी मॉन्झा येथील भीषण अपघातातून तिचा चालक जॉन वॉटसन सुखरूप बाहेर आला व या द्रव्याविषयीची शंका फिटली. रेझीन आधीच भिनविलेले कार्बन कापड भट्टीत उष्णता व दाब देऊन पक्के करतात. त्यामुळे नमुना आणि त्यावरील लेप यांनाही तापमान सोसावे लागू लागले. पॉलिएस्टर प्रायमरऐवजी अशा ठिकाणी उष्णतारोधी एपॉक्सी लेप अधिक उपयुक्त ठरतात. संगणकनियंत्रित यंत्रांनी कृत्रिम फळ्यांतून नमुने कोरण्याची पद्धत रूढ झाल्याने आकाराची अचूकता वाढली. तरी कर्तकाच्या खुणा बुजविण्यासाठी आणि सच्छिद्र पृष्ठभाग बंद करण्यासाठी लेप व घासकाम यांची गरज संपलेली नाही.

आरोग्य : या कामाचा धोका बराच काळ दुर्लक्षित राहिला. आयसोसायनेटयुक्त पॉलियुरेथेन प्रायमरच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा संवेदनशीलता आली की अत्यल्प मात्राही त्रासदायक ठरते. स्टायरीनचे बाष्प डोळे, श्वासमार्ग व मज्जासंस्था यांना अपायकारक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ते मानवात संभवतः कर्करोगजनक असल्याचे ठरविले. उत्प्रेरक म्हणून वापरले जाणारे पेरॉक्साइड डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. साधा कापडी रुमाल वा धूळरोधक मुखपट्टी बाष्पापासून संरक्षण देत नाही. वायुवीजन, योग्य श्वसनयंत्र, चष्मा व हातमोजे आवश्यक असतात. कमी भांडवलात होणारे काम म्हणून ज्या लहान कारखान्यांत हे तंत्र वाढले, तेथेच ही साधने बहुधा अपुरी असतात. मोटारगाडीच्या निर्दोष पृष्ठभागाची खरी किंमत मोजताना हा खर्चही विचारात घ्यावा लागतो.