वन्यजीव अधिवास : उद्दिष्टे प्रदेशानुसार हवीत

वन्यजीवास अन्न, पाणी, आसरा आणि प्रजननासाठी सुरक्षित जागा ज्या परिसरात मिळते, त्यास त्याचा अधिवास म्हणतात. अधिवासाविषयीची उद्दिष्टे दोन प्रकारची असतात. जे सुस्थितीत आहे ते टिकविणे हे संवर्धनाचे उद्दिष्ट, तर जे बिघडले आहे ते पूर्ववत करणे हे पुनर्स्थापनेचे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे झालेल्या जागतिक जैवविविधता करारात ही दोन्ही उद्दिष्टे आकड्यांत मांडण्यात आली. त्यानुसार २०३० पर्यंत जगातील किमान ३० टक्के भूभाग व जलक्षेत्र संरक्षणाखाली यावे आणि ऱ्हास पावलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर पुनर्स्थापनेचे काम सुरू व्हावे, असे ठरले. भारतानेही या कराराशी सुसंगत अशी २३ राष्ट्रीय उद्दिष्टे २०२४ मध्ये जाहीर केली. मात्र जागतिक आकडा थेट तालुक्यावर लादता येत नाही. प्रदेशाचे पाऊसमान, माती आणि तेथील माणसांचा जमिनीशी असलेला संबंध पाहूनच तो ठरवावा लागतो.

एकच मोजपट्टी सर्वत्र लावली की काय होते, याचे उत्तर महाराष्ट्राच्या माळरानांवर मिळते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन वा वृक्षाच्छादन असावे, असे ध्येय ठेवले. महाराष्ट्रात वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. साहजिकच, उघडी दिसणारी प्रत्येक जमीन वृक्षलागवडीस योग्य मानली गेली. परंतु सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातील माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. पवना, शेडा, मारवेल, कुसळी अशा गवतांची ती स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल आणि माळढोक यांना मोकळी, दूरवर नजर पोहोचेल अशी जमीन लागते. अशा माळावर खड्डे खणून परदेशी झाडे लावली, तर कागदावरील हिरवळ वाढते. अधिवास मात्र घटतो. महसुली दप्तरात या जमिनींची नोंद बहुधा 'पडीक' अशीच असल्याने हे नुकसान कोणाच्या हिशेबातही येत नाही.

उद्दिष्टाचा आकडा केवळ मोठा असून भागत नाही, हे माळढोक अभयारण्याच्या इतिहासातून दिसते. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य जाहीर झाले. त्यात तालुकेच्या तालुके, गावे, बाजारपेठा आणि हजारो शेतकऱ्यांची खासगी जमीन आली. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती वापर, बांधकाम यांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयी आस्था वाढण्याऐवजी लोकांमध्ये नाराजी वाढली. दरम्यान उजनी धरणाचे पाणी आले. ज्वारी, करडई, भुईमुगाच्या शेतांत माळढोक चरत असे, त्यांची जागा अनेक ठिकाणी उसाने घेतली. सीमारेषा कायम राहिली, पण तिच्या आतील अधिवास बदलून गेला. अखेर २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला हरवलेली वर्षे भरून काढता येत नाहीत. नान्नजच्या माळावर आज त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

याच प्रदेशातील लहान क्षेत्रांचा अनुभव वेगळा आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे, तर बारामती तालुक्यातील मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचे. पहिले काळविटासाठी ओळखले जाते, दुसरे चिंकाऱ्यासाठी. कोणत्या प्राण्यासाठी, कोणत्या जमिनीवर, हे येथे स्पष्ट होते. अर्थात एवढी लहान क्षेत्रे एकटी पुरेशी नाहीत. भोवतालची गायराने आणि कोरडवाहू शेते त्यांना जोडलेली राहिली, तरच त्यांचा उपयोग टिकतो.

मग उद्दिष्ट ठरवावे कसे? प्रथम शिल्लक अधिवासाचा नकाशा हवा आणि त्यात गवताळ माळाची नोंद 'पडीक' नव्हे तर 'माळरान' म्हणून व्हावी. दुसरे, मोजमाप केवळ हेक्टरमध्ये नसावे. स्थानिक गवतांचे प्रमाण, धाविक-चंडोलांची वीण, लांडग्याच्या पिलांची वाढ हेही निकष असावेत. तिसरे, पुनर्स्थापनेची कामे प्रदेशास साजेशी असावीत. माळावर ती वेडी बाभूळ काढणे, चराईला पाळी लावणे, स्थानिक गवताचे बी पेरणे अशी असतील. विदर्भात वाघांचे भ्रमणमार्ग अखंड ठेवणे, तर कोकणात सडे आणि खारफुटी राखणे अग्रक्रमाचे ठरेल. चौथे, प्रत्येक उद्दिष्टास मुदत, निधी आणि जबाबदार यंत्रणा नेमून द्यावी.

पाचवी बाब सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे लोकसहभाग. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्या धनगर समाजाला गवताची जाण आहे आणि माळ टिकण्यात त्यांचाही स्वार्थ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली. वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने संवर्धन राखीव व सामुदायिक राखीव क्षेत्रांचा मार्ग खुला झाला. खासगी जमिनीवर सरसकट बंधने लादण्यापेक्षा, ज्वारीसारखी कोरडवाहू पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला देणे अधिक फलदायी ठरू शकेल.

२०३० ची मुदत दूर नाही. तोवर राज्याने किती झाडे लावली, याचा हिशेब सहज मिळेल. किती माळ माळ म्हणून राखला, याचाही हिशेब तालुकावार मांडला गेला, तरच या उद्दिष्टांना अर्थ राहील.