हेस्टिंग्जचा अपुरा डाव

इतिहासाच्या साधनांत भर घालण्याचा मोह लढायांच्या आणि तहांच्या वर्णनांपुरताच असतो, असे पुष्कळांस वाटते. परंतु ज्या खेळात प्रत्येक खेळी कागदावर टिपली जाते, त्या बुद्धिबळाच्या इतिहासातही हा मोह सुटलेला नाही. याचे एक ठळक उदाहरण म्हणजे १८९५ साली इंग्लंडातील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी विल्हेल्म स्टाइनित्स आणि कुर्त फॉन बार्डेलेबेन यांच्यात झालेला डाव. हा डाव किती खेळ्यांचा, या साध्या प्रश्नास पुस्तके दोन उत्तरे देतात. काहींत तो पंचविसाव्या खेळीवर संपतो, तर काहींत पस्तिसाव्या खेळीस मात होते. या दहा खेळ्यांच्या अंतराविषयी आम्ही येथे थोडे लिहू इच्छितो.

प्रथम पूर्वपीठिका. हेस्टिंग्जच्या सामन्यात बावीस खेळाडू जमले होते, आणि त्या काळचे बहुतेक अग्रगण्य बुद्धिबळपटू त्यांत होते. स्टाइनित्स तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. जगज्जेतेपद त्याने आदल्याच वर्षी, म्हणजे १८९४ साली, तरुण लास्करपाशी गमावले होते. बार्डेलेबेन चौतीस वर्षांचा, बर्लिनचा राहणारा. सामन्याच्या पूर्वार्धात तो उत्तम खेळत होता. १७ ऑगस्ट रोजी ही दोघे समोरासमोर बसली. एकाचा सूर्य मावळतीकडे कललेला, दुसऱ्याचा चढतीस लागलेला.

डाव इटालियन पद्धतीने सुरू झाला. काळ्याचा राजा मध्येच अडकून पडला आहे, हे हेरून स्टाइनित्सने सतराव्या खेळीस वजिरापुढचे प्यादे बळी दिले आणि त्या जागी आपल्या घोड्यास वाट करून दिली. खरी मौज बाविसाव्या खेळीत आहे. पांढऱ्याचा हत्ती काळ्याच्या राजाशेजारी घुसून तेथील घोडा मारतो आणि शह देतो. या क्षणी पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती आणि घोडा, अशी चारही मोहरी शत्रूच्या मारात आहेत. आणि तरीही काळ्यास एकही पचत नाही. राजाने हत्ती मारावा, तर दुसऱ्या हत्तीच्या आणि वजिराच्या शहांनी तो उघड्यावर ओढला जातो. वजिराने मारावा, तर मारामारी संपल्यावर पांढऱ्याचा एक घोडा अधिक उरतो. बार्डेलेबेनने हे ओळखून राजा बाजूस नेला. मग तोच हत्ती सातव्या ओळीत राजाच्या मागे लागला. प्रत्येक घरी तो मारात आहे आणि प्रत्येक घरी त्यास हात लावता येत नाही. इकडे काळ्याचा हत्ती पांढऱ्याच्या शेवटच्या ओळीवर टपून बसला आहे. स्टाइनित्सची एक खेळी जरी बिनशहाची गेली, तरी बाजी त्याच्यावर उलटेल. पंचविसाव्या खेळीस हत्तीने कडेचे प्यादे मारून पुन्हा शह दिला. येथे बार्डेलेबेन उठला आणि काही न बोलता दिवाणखान्यातून निघून गेला. डाव सोडल्याचे त्याने सांगितले नाही. त्याचे घड्याळ मात्र चालूच राहिले, आणि डाव स्टाइनित्सच्या नावे जमा झाला.

पुढे स्टाइनित्सने जमलेल्या लोकांस दहा खेळ्यांत मात कशी होते ते मांडून दाखविले. हा शेवट खरोखरच अपूर्व आहे. एकविसाव्या खेळीपासून मातेपर्यंत पांढऱ्याची प्रत्येक खेळी शहाची आहे. असे एकंदर पंधरा शह होतात. सामन्यातील सर्वांत सुंदर डावाचे पहिले बक्षीस या डावास मिळाले. आमच्याकडील देशी खेळातही मात कशाने केली यास महत्त्व असे, आणि प्यादेमातीचा मान साध्या मातेहून मोठा मानीत. तेव्हा शेवट पुरता पाहण्याची रसिकांची हौस आम्हांस समजू शकते.

परंतु हौस निराळी आणि नोंद निराळी. पंधरा शहांपैकी पाच पटावर झाले, आणि उरलेले दहा केवळ दाखविले गेले. शिवाय या दहा खेळ्यांत काळ्याची जी उत्तरे छापतात, ती बार्डेलेबेनची नव्हेत. ती त्याच्या वतीने दुसऱ्यांनी निवडली आहेत. एका ठिकाणी तर राजास दुसरीही वाट होती. तिच्यात वजीर गमवावा लागला असता, म्हणजे डाव हरलेलाच होता. पण तो तसाच हरला असता, असे म्हणण्यास आधार नाही. जो मनुष्य मौन धरून निघून गेला, त्याच्या तोंडी दहा वाक्ये घालावी, तसाच हा प्रकार होय.

या डावास दुसरेही एक शेपूट जोडण्यात आले आहे, आणि ते आम्हांस अधिक आक्षेपार्ह वाटते. १९२४ साली बार्डेलेबेन बर्लिन येथे खिडकीतून पडून मरण पावला. नाबोकोव्हच्या १९३० सालच्या बुद्धिबळपटूविषयीच्या कादंबरीचा नायकही खिडकीतूनच उडी घेतो, आणि अनेकांनी या दोहोंचा संबंध जोडला. मग १८९५ चे ते निघून जाणे पुढील शेवटाची नांदी म्हणून रंगविणे किती सोपे! परंतु मधली एकोणतीस वर्षे मोकळी नव्हती. त्याच हेस्टिंग्जच्या सामन्यात बार्डेलेबेन पुढेही खेळत राहिला आणि साडेअकरा गुण मिळवून टाइखमानबरोबर सातव्या-आठव्या जागी राहिला. स्टाइनित्सला तेरा गुणांनिशी पाचवी जागा मिळाली. जो त्या दिवशी उठून गेला, तो पुन्हा पटाशी येऊन बसला होता, एवढे तरी गुणतक्ता निःसंशय सांगतो.

त्याच्या वर्तनाचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. प्रतिस्पर्ध्याचा हात हाती न घेता जाणे हे शिष्टाचारास सोडूनच झाले, आणि एकोणसाठ वर्षांच्या वृद्ध गुरूस त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम डावांपैकी एकाचा शेवट रिकाम्या खुर्चीपुढे करावा लागला. परंतु कृत्य नोंदीत असते आणि हेतू आपण पुरवितो. अहंकार म्हणा, खेद म्हणा, पटावर दोहोंचे चिन्ह एकच उमटते.

यास्तव आमचे मत असे की, हा डाव छापताना पंचविसाव्या खेळीखाली एक रेघ ओढावी. तिच्यावर जे घडले ते, आणि तिच्याखाली जे घडू शकले असते ते, असे वेगळे छापावे. यायोगे स्टाइनित्सच्या कीर्तीत तिळभरही उणे येत नाही. कारण चारही मोहरी मारात ठेवून दिलेला तो शह रेघेच्या वरच आहे. आणि बार्डेलेबेनला त्याचे मौन परत मिळते.